पोराला ससा हवाय, पण पोर तयार आहे का?

ससा हवा म्हणून हट्ट सुरू झाला की आईबाप आधी विचारतात, कितव्या वर्षी आणावा? वयावरून फार काही कळत नाही हो. एखादं सहा वर्षांचं शांत पोर सशाशी मस्त जमवून घेतं आणि अकरा वर्षांचं धांदरट पोर दोन दिवसात त्याला भेदरवून सोडतं. बघायचं ते एवढंच की ससा मनासारखा वागला नाही की पोर काय करतं.

कारण ससा दिसतो खेळण्यासारखा मऊ, पण मुळात दुसऱ्या प्राण्यांनी खायचं भक्ष्य ते, वरून हात आला, कुणी उचललं की त्याच्या जिवाचं पाणी होतं. बहुतेक सशांना उचलून घेतलेलं आवडतच नाही. घाबरून मागच्या पायांनी इतक्या जोरात झटका मारतो की त्यात त्याचाच मणका मोडू शकतो, हातातून पडला तरी तीच भीती. म्हणून नियम पहिल्या दिवसापासून एकच, उचलायचं काम मोठ्यांचं, पोराने जमिनीवर बसायचं. आणि कान धरून तर कुणीच उचलायचं नाही, मोठ्यांनीही.

ओळखीत कुणाकडे ससा असेल तर पोराला घेऊन जा. खाली बसवा, हात मांडीवर, आपणहून हात पुढे करायचा नाही. ससा आधी लांबूनच नाक हलवत बघत बसेल, मग थोडा पुढे सरकेल, मान लांब करून पायाचा अंगठा हुंगेल आणि काही कारण नसताना धूम पळेल, परत येईल, परत पळेल. यात आरामात पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि तुम्ही तेवढा वेळ सशाकडे नाही, पोराकडे बघा. मागे धावलं, किंचाळलं, कोपऱ्यात गाठायला गेलं तर ससा आणायला अजून थोडं थांबा. "घाबरला का तो?" असं हळूच विचारलं तर निम्मं काम झालं. ससा मागचा पाय धप्पकन आपटतो तेव्हा त्याला धोका वाटत असतो, हे पोराला एकदा सांगा आणि पुढच्या वेळी स्वतः ओळखतंय का बघा.

दुसरी परीक्षा घरी, ससा नसतानाच. तीन-चार आठवडे रोज ठरलेल्या वेळी एखादं कंटाळवाणं काम द्या, झाडांना पाणी घाल, ट्रे पूस, काहीही. रोज आठवण करून द्यावी लागली तरी चालेल, पण प्रत्येक वेळी रडारड होत असेल तर सशाचं गवत-पाणी-लेंड्या शेवटी तुमच्याच गळ्यात पडणार. खरं तर तसंही पडणारच आहे. ससा 8 ते 12 वर्षं जगतो, पोराची हौस तेवढी टिकत नाही, तेव्हा तुम्हाला स्वतःला ससा नको असेल तर विषय इथेच संपवा.

बाकीचं पटापट. खाणं मुख्यतः वाळलेलं गवत, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवत चावूनच झिजतात, गाजर अगदी कधीतरी. वायरी कुरतडतो. उकाडा सोसत नाही. गवताची किंवा केसांची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का हे आधीच बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सशाने खाणं बंद केलं किंवा लेंड्या एकदम कमी झाल्या तर उद्या बघू म्हणायचं नाही, 10-12 तासातच जिवावर बेतू शकतं, त्यामुळे "आज ससा जेवला नाही" हे येऊन सांगायची सवय पोराला हवी आणि सशांवर उपचार करणारा डॉक्टर तुम्ही आधीच शोधून ठेवायला हवा.

हे सगळं जमलं तरी इवलंसं पिल्लू आणू नका असं मी म्हणेन. कुणाला सांभाळणं होत नसलेला, नसबंदी झालेला मोठा ससा मिळाला तर बघा, त्याचा स्वभाव एव्हाना कळलेला असतो. आणि दोन सशांचं एकमेकांशी आधीपासून जमत असेल तर जोडीच आणा, एकट्या सशाला करमत नाही आणि पोर तर अर्धा दिवस शाळेत.