वाचायच्या पुस्तकांचा गठ्ठा हलता कसा ठेवायचा

मराठीतलं नवं ललित वाचणाऱ्यांचा गठ्ठा वर्षात दोनदा फुगतो. एकदा दिवाळी अंकांमुळे, आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास, संमेलन आणि ग्रंथप्रदर्शनांमुळे. शिवाय प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून विसरलेली पुस्तकं मधूनच कुरिअरनं दारात येतात. म्हणून पुस्तक घरी येण्याची वाट न बघता, पैसे भरले त्याच दिवशी ते गठ्ठ्यात धरा.

गठ्ठा बारा पुस्तकांचा पुरे, आणि तो उभा लावा. आडवा रचला की तळातलं पुस्तक तिथंच राहतं, कारण ते काढायला वरची सगळी उचलावी लागतात. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी घाला: कधी आणलं, कुणी सुचवलं, कशासाठी. सहा महिन्यांनी चिठ्ठी वाचून उत्सुकता वाटली नाही, तर पुस्तक बाहेर काढा. वाचनालयाची आणि मागून आणलेली पुस्तकं या बारांत धरू नका. त्यांना परतीची तारीख असते, ती आधी वाचायची.

बाराही पुस्तकांचा क्रम ठरवण्याच्या फंदात पडू नका. पुढची तीनच ठरवा: एक जाड कादंबरी, एक कथासंग्रह, एक दीडशे पानांच्या आतलं. कथासंग्रह सलग संपवला की कथा एकमेकींत मिसळतात. जाड कादंबरी चालू असताना रात्री एक कथा, हे प्रमाण बरं जमतं.

नवं पुस्तक ‘जमत नाही’ म्हणून सोडायच्या आधी कारण बघा. अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलीतल्या कादंबरीत सुरुवातीची तीस-चाळीस पानं वेग निम्म्यावर येतो. तो दोष पुस्तकाचा नाही आणि तुमचाही नाही. पहिली चार-पाच पानं मोठ्यानं वाचा. डोळ्यांना अडणारी क्रियापदं कानाला लगेच कळतात. अशा दोन कादंबऱ्या पाठोपाठ मात्र घेऊ नका, एकीची लय दुसरीत घुसते. प्रमाण मराठीतली कादंबरी पन्नास पानांनंतरही ओढून न्यावी लागत असेल, तर खुशाल ठेवून द्या.

नवं काय हे शोधताना पुरस्कारांच्या भरवशावर राहाल तर मागे पडाल. साहित्य अकादमी पुरस्कारासाठी लगतचं वर्ष सोडून त्याआधीच्या पाच वर्षांतली पुस्तकं विचारात घेतली जातात. नंदा खरे यांची ‘उद्या’ 2014 साली आली, तिला पुरस्कार जाहीर झाला तो 2020चा (त्यांनी तो नाकारला, ही गोष्ट वेगळी). त्यापेक्षा दिवाळी अंक उपयोगी: नव्या लेखकाची कथा तिथं आधी वाचा, पटली तरच संग्रह घ्या. अंक अख्खा वाचायचा नसतो. अनुक्रमणिकेवर तीन-चार खुणा करायच्या, संक्रांतीपर्यंत तेवढं संपवायचं. दुकानात पुस्तक चाळताना मलपृष्ठावर विसंबू नका, तिथं प्रत्येक कादंबरी ‘वेगळी’च असते. मधलं एखादं पान वाचा, आणि आवृत्तीची नोंद बघा. नवं मुखपृष्ठ घातलेलं जुनं पुस्तक हमखास नव्यांच्या टेबलावर असतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी गठ्ठा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, जमिनीवर तर ठेवूच नका. भिंतीची ओल पुठ्ठ्यात उतरते, मग बुरशी आणि कसर येते. डांबरगोळ्या पानांत ठेवल्या तर वास महिनोन्‌महिने जात नाही. त्या कपाटाच्या कोपऱ्यात, कापडात बांधून ठेवा. ओलसर पुस्तक पंख्याखाली उघडं ठेवून वाळवा. कडक उन्हात नको: नुसत्या गोंदावर बांधलेल्या जाड पुस्तकाचा कणा तडकतो आणि पानं सुटी होतात.

बाहेर काढलेली पुस्तकं वाचनालयाला द्यायची असतील तर आधी फोन करून विचारा. नवं ललित सहसा घेतात, जुने दिवाळी अंक बरेचदा नाही.