पुण्याच्या पेठांतून संध्याकाळची पायी फेरी कशी करावी

पुण्याच्या जुन्या पेठांत सगळे एकाच वेळी पाहायला मिळत नाही. वाड्यांची दारे संध्याकाळी लवकर बंद होतात, तांबट आळीतले हातोडे दिवेलागणीच्या सुमारास थांबतात, मग देवळांत आरतीची गर्दी सुरू होते आणि तुळशीबागेतली झुंबड त्यानंतरच रंगात येते. त्यामुळे फेरीची आखणी करताना नकाशावरील अंतरापेक्षा काय आधी बंद होते, याचा विचार करावा. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंतचे अंतर सरळ चालल्यास जेमतेम एक किलोमीटर आहे. तरीही तीन तास हाताशी ठेवावेत.

स्वतःचे वाहन शक्यतो आणू नये. ते लावायला जागा शोधण्यातच अर्धी संध्याकाळ जाते. सप्टेंबर 2024 पासून सुरू झालेल्या भुयारी मेट्रोमुळे कसबा पेठ स्थानकावर उतरून परतीची गाडी मंडई स्थानकावरून पकडता येते. देवळांत वारंवार जावे लागत असल्याने सहज काढता येतील अशा चपला घालाव्यात आणि थोडे सुटे पैसे जवळ ठेवावेत. सोमवारी काही दुकाने बंद असतात. गणेशोत्सवात तर ही फेरी करूच नये. त्या दहा दिवसांत गर्दी नेईल तिकडे जावे लागते आणि तो आनंद वेगळाच असतो.

सुरुवात शनिवारवाड्यापासून करावी. पहिल्या बाजीरावाने 10 जानेवारी 1730 रोजी याचा पाया घातला आणि 1828 च्या आगीत आतले बहुतेक सगळे जळाले. आज आत प्रामुख्याने जोती आणि कारंज्यांचे अवशेष आहेत. ते पाहायचे असल्यास पाचच्या आत पोहोचावे; उशीर झाला तर बाहेरून दिल्ली दरवाजा नीट पाहावा. त्याच्या फळ्यांवरचे लोखंडी अणकुचीदार खिळे हत्तीने धडक मारू नये म्हणून ठोकलेले आहेत. तिथून जवळच लाल महाल आहे. शिवाजी महाराजांनी 1663 मध्ये शाहिस्तेखानावर छापा घातला तो इथेच. मात्र सध्याची इमारत नव्याने बांधलेली आहे, हे लक्षात असावे. पुढे कसबा गणपतीचे, म्हणजे पुण्याच्या ग्रामदैवताचे, दर्शन घ्यावे आणि वेळ न दवडता तांबट आळी गाठावी.

या फेरीत कुठे रेंगाळायचे असेल तर तांबट आळीतच रेंगाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आळी दिसण्याआधी ठोक्यांचा आवाज कानावर येतो. कारागीर लोखंडी खुंटावर तांब्याचे भांडे धरून एका हाताने ते किंचित फिरवत राहतो आणि दुसऱ्या हाताने हातोडीचे घाव घालतो. प्रत्येक घाव आधीच्या घावाला लागून पडला पाहिजे, नाहीतर ओळ मोडते. या कामाला मठारकाम म्हणतात. त्याने भांड्यावर चकाकणारे बारीक खळगे उठतात आणि ठोकून ठोकून पत्राही कडक होतो. पूर्वी इथे बंब, हंडे आणि घंगाळी मोठ्या प्रमाणावर घडत. आता पाण्याचे जग, दिव्यांची झाकणे आणि शोभेच्या वस्तूही दिसतात. दारात उभे राहून पाहायला सहसा कोणी हरकत घेत नाही, परंतु छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे आणि कारागिराच्या उजेडात उभे राहू नये.

तिथून फडके हौद चौकातून तांबडी जोगेश्वरीकडे वळावे. चौकांच्या नावांतले हौद पेशवाईतल्या पाणीपुरवठ्याची आठवण आहेत. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी शहरात आणलेले पाणी अशा हौदांत साठवले जाई. जोगेश्वरीनंतर शिवाजी रस्त्यावर दगडूशेठ हलवाई गणपती लागतो. संकष्टी चतुर्थीला इथली रांग टाळून रस्त्यावरूनच दर्शन घेणे शहाणपणाचे. समोरच भिडे वाड्याची जागा आहे, जिथे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू केली. जुना वाडा 2023 मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. या भागातल्या काही गल्ल्या वेश्यावस्तीच्या आहेत. तिथे कॅमेरा अजिबात काढू नये.

बेलबाग चौकात लक्ष्मी रस्ता ओलांडून तुळशीबागेत शिरावे. रस्ता ओलांडताना दुचाकींचा भरवसा धरू नये. तुळशीबागेत बहुतेक जण खरेदीत गुंतून मधल्या राममंदिराला विसरतात. पेशवाईतल्या या मंदिराचे सुमारे 140 फूट उंच शिखर दुकानांच्या दाटीत खालून दिसतच नाही, त्यासाठी अंगणात जाऊन मान वर करावी लागते. भातुकलीचा पितळी संच घ्यायचा असेल तर दोन-तीन दुकानांत भाव विचारून मगच घ्यावा. पश्चिमेकडून बाहेर पडल्यास बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग दिसतो.

शेवटी महात्मा फुले मंडई. 1886 मध्ये ही इमारत मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिली. नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी हा पैसा शिक्षणाकडे वळवावा म्हणून या खर्चाला विरोध केला होता आणि पुढे मंडईला त्यांचेच नाव मिळाले. अष्टकोनी मनोऱ्याखाली उंच ओट्यांवर बसलेल्या विक्रेत्यांकडून भाजी घेताना ग्राहकाला वर पाहून बोलावे लागते, त्यामुळे घासाघीस फारशी जमत नाही. भूक लागली असल्यास तुळशीबागेतच मिसळ किंवा भेळ खाऊन यावे. मंडईत खरेदी करायची ठरवल्यास पालेभाजी शेवटी घ्यावी आणि शेवटच्या मेट्रोची वेळ आधीच पाहून ठेवावी.