सर्व्हर कोसळल्यावर बॅकअपमधून उभा करताना या चुका टाळा

सर्व्हर गेला की सगळे थेट रिस्टोअरला लागतात. त्याआधी बॅकअपचे जॉब थांबवा. रिस्टोअर अर्धवट असताना रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालला आणि आरसिंकला (फाइल्सची प्रत जुळवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला) डिलीटचा पर्याय दिलेला असला, तर अर्ध्या रिकाम्या डिस्कशी जुळवून घेताना तो शेवटची चांगली प्रतही पुसून टाकतो. बॅकअपचा साठा फक्त वाचता येईल असाच माउंट करा (सिस्टीमला जोडा).

खराब होत चाललेल्या डिस्कवर एफएससीके (फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर लिहितं. डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या, कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल देऊन. मग काम मध्येच तुटलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. रेड (अनेक डिस्कचा जोडलेला संच) फुटलं असेल तर ते सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या कमांडला 'असेंबल', म्हणजे आहे तोच संच जोडायला, सांगा. घाईत 'क्रिएट', म्हणजे नवा संच बनवायला, सांगितलं आणि डिस्कचा क्रम चुकला, तर होता तो डेटाही हाती लागणं कठीण. रिस्टोअर कायम नव्या डिस्कवर करायचा.

डम्पची (डेटाबेसमधून काढलेल्या प्रतीची) फाइल आहे एवढ्यावर विसंबू नका, तिचा आकार बघा. जानेवारी 2017 मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचे डम्प जुन्या आवृत्तीच्या पीजी-डम्पमुळे (पोस्टग्रेस डेटाबेसचा डम्प काढणाऱ्या कमांडमुळे) फसत होते आणि ते कळलं गरज पडली तेव्हाच.

सगळ्यात जास्त गोंधळ डेटाबेसमध्ये होतो. पोस्टग्रेसचा पीजी-डम्प एकाच डेटाबेसचा असतो, रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) त्यात येत नाहीत. ते पीजी-डम्पऑलने वेगळे काढलेले नसतील तर मालकी आणि परवानग्यांच्या ओळींवर एररची रांग लागते. बेस बॅकअप (डेटा फाइल्सची पूर्ण प्रत) आणि वॉल (त्यानंतरच्या बदलांची नोंद) वापरत असाल तर मेजर आवृत्ती तीच हवी. पोस्टग्रेस 12 पासून डेटा डिरेक्टरीत रिकव्हरी-डॉट-सिग्नल ही रिकामी फाइलही लागते, नाहीतर अर्काइव्हमधला वॉल वाचलाच जात नाही. डेटा कोणत्या क्षणापर्यंत परत आणायचा, ती थांबण्याची वेळ टाइमझोनसह लिहा. लॉग यूटीसीत आणि तुम्ही स्थानिक वेळेत, असं झालं की चुकून डिलीट झालेलं टेबल पुन्हा डिलीट झालेलंच मिळतं! त्या वेळेला पोचल्यावर सर्व्हर डीफॉल्टने 'पॉज'वर थांबतो: वाचता येतं, लिहिता येत नाही. तो अडकलेला नसतो, त्यामुळे रीस्टार्ट करू नका. डेटा तपासा, मगच पुढे जायला सांगा.

फाइल्स आल्या तरी मशीन बूट होईलच असं नाही. नव्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) वेगळा असतो. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) जुनाच राहिला की थेट इमर्जन्सी मोड. ब्लकआयडी या कमांडने बघून बदला, ग्रब (बूट करणारा प्रोग्रॅम) आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टीम) नव्याने बनवा.

वेळेचं आश्वासन देण्याआधी गणित करा. 4 टीबी डेटा 1 गिगाबिटच्या लाइनवरून सेकंदाला सुमारे 110 एमबीने येतो, म्हणजे नुसत्या कॉपीलाच 10 तास. आणि एन्क्रिप्शनची किल्ली त्याच सर्व्हरवर होती, तर त्या 4 टीबीचा काही उपयोग नाही.

लोकांसाठी उघडण्यापूर्वी मेलची रांग बघा. बॅकअपमधून आलेले जुने मेल सेवा सुरू होताच पुन्हा सुटतात.