सिंकथिंग वापरताना घ्यावयाची काळजी

सिंकथिंग हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आपले फोल्डर कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर न साठवता दोन किंवा अधिक यंत्रांवर जुळते ठेवते, आणि वाटेत मजकूर कूटबद्ध असतो. मात्र त्याने राखली जाते ती वाट. टोकाची यंत्रे आपली आपणच सांभाळावी लागतात.

प्रत्येक यंत्राला ५६ अक्षरांचा ओळखक्रमांक मिळतो. तो गुप्त नसतो, कारण दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्यता दिल्याशिवाय जोडणी होत नाही. म्हणून मान्यता देताना समोरच्याला फोन करून क्रमांक पडताळावा, आणि अनोळखी यंत्राची विनंती कुतूहलापोटीही स्वीकारू नये. ‘ऑटो अ‍ॅक्सेप्ट’ (समोरच्याने देऊ केलेले फोल्डर न विचारता स्वीकारणे) आणि ‘इंट्रोड्यूसर’ हे पर्याय बंदच ठेवावेत. दुसऱ्या पर्यायामुळे तुमच्या मित्राने जोडलेली यंत्रे तुमच्याही यादीत येऊ शकतात.

वाटण्यासाठी वेगळे फोल्डर करावे, संपूर्ण ‘डॉक्युमेंट्स’ कधीही जोडू नये. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने सुमारे १०० संस्थांना त्यांच्याकडील व्यक्तिगत माहिती पीअर-टू-पीअर, म्हणजे संगणक थेट एकमेकांना फायली देतात अशा, जाळ्यांवर उघडी पडल्याचे कळवले होते. ती जाळी सार्वजनिक होती हे खरे, पण नको ते फोल्डर वाटण्याची चूक खासगी जोडणीतही तितक्याच सहजपणे होते.

सिंकथिंगचे नियंत्रण-पान १२७.०.०.१:८३८४ या पत्त्यावर, म्हणजे फक्त त्याच संगणकावर उघडते. दुसऱ्या यंत्रावरून ते पाहण्यासाठी हा पत्ता बदलायचा असल्यास आधी पासवर्ड लावावा.

सर्वांत मोठा धोका मात्र चोराचा नसून आज्ञाधारकपणाचा आहे. एका यंत्रावर फाइल पुसली, किंवा खंडणीखोर व्हायरसने ती कुलूपबंद केली, की तोच बदल इतर यंत्रांवरही इमानेइतबारे पोहोचतो. जुन्या आवृत्त्या जपण्याची ‘फाइल व्हर्जनिंग’ सोय मुळात बंद असते. ती सुरू करावी, पण ती दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांपुरतीच काम करते, स्वतःच्या यंत्रावर केलेल्या बदलांसाठी नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणून स्वतंत्र बॅकअप हवाच, आणि तो एरवी जोडून न ठेवलेल्या डिस्कवर असावा.

फोन हरवल्यास उरलेल्या प्रत्येक यंत्राच्या यादीतून त्याचे नाव लगेच काढावे. त्यामुळे नव्या फायली तिकडे जाणे थांबते, मात्र आधीच फोनवर पोहोचलेल्या फायली तिथेच राहतात.