म्हाताऱ्या पेशी मारणाऱ्या गोळ्या: घेण्याआधी काय तपासायचं

अढीत एक आंबा नासला की शेजारचेही नासू लागतात. म्हाताऱ्या पेशींचं तसंच आहे. त्यांची वाढ थांबते, पण त्या मरत नाहीत आणि आसपास दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. त्यांना वेचून मारणारी औषधं म्हणजे सेनोलिटिक. डासाटिनिब आणि कांद्यातही असणारं क्वेर्सेटिन ही पहिली जोडी २०१५ साली पुढे आली. उंदरांत गुण दिसला. माणसाचं आयुष्य वाढतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

डासाटिनिब मुळात रक्ताच्या कर्करोगाचं औषध. २०१९ साली फुप्फुसाच्या आजाराच्या १४ रुग्णांना दिवसाला १०० मिग्रॅ डासाटिनिब आणि १२५० मिग्रॅ क्वेर्सेटिन, आठवड्यातले तीन दिवस, असं तीन आठवडे दिलं. या पेशी पुन्हा साचायला वेळ लागतो, म्हणून रोज गोळी लागत नाही. हा डोस डॉक्टरांच्या देखरेखीतला आहे, घरी करून बघायचा नाही.

कोकणात सगळ्यात मोठी अडचण प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींची. डासाटिनिबने प्लेटलेट उतरतात, रक्तस्राव होऊ शकतो. डेंग्यू आणि लेप्टोनेही (लेप्टोस्पायरोसिस) तेच होतं. म्हणून लावणीच्या चिखलात उतरणाऱ्याने पावसाळ्यात हा विचारच करू नये. या औषधाच्या चाचणीत भाग घेतला असताना ताप आला तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा आणि अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका.

आधी सीबीसी आणि ईसीजी हवाच, कारण हृदयाची लय बिघडू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्पष्ट सांगा. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गॅसची गोळीही लपवू नका. तिच्यामुळे डासाटिनिब नीट शोषलं जात नाही. दम लागला तर छातीचा एक्स-रे काढा, या औषधाने फुप्फुसाभोवती पाणी साचू शकतं. शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा जखम ओली असेल तर थांबा. जखम भरायला याच पेशींची मदत लागते.

कांदा खाऊन भागेल का? १२५० मिग्रॅ क्वेर्सेटिनसाठी दिवसाला तीन किलोहून जास्त लाल कांदे लागतील. अलिबागचा पांढरा कांदा चवीला गोड, पण त्यात क्वेर्सेटिन फारच कमी.

खरंच घ्यायचं असेल तर चाचणीतूनच घ्या. भारतातल्या औषध-चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या वेबसाइटवर असते. नोंदणी क्रमांक मागा आणि संमतीपत्र मराठीत वाचून घ्या. चाचणीच्या औषधाचे पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.