मेमरी कार्डावर डिस्कार्ड सुरू करण्यापूर्वी

तासगावजवळच्या एका बेदाणा शीतगृहात मी बसवलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक दर मिनिटाला तापमान मेमरी कार्डावर नोंदवतो. जुन्या नोंदी नियमाने पुसल्या जात असूनही वर्षभरात त्याचे लेखन अडखळू लागले. फाइल पुसली म्हणजे फाइल सिस्टीमने, म्हणजे कोणती फाइल कोठे आहे याचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेने, ती जागा मोकळी धरली, इतकेच. कार्डाच्या आतील कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणाऱ्या चिपला, ते कळत नाही आणि तो निरुपयोगी मजकूरही सांभाळत बसतो. डिस्कार्ड ही अमुक जागा मोकळी झाली, अशी त्याला दिलेली वर्दी होय.

लिनक्समध्ये प्रथम ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा मोठ्या ‘डी’ पर्यायासह द्यावी. ‘डिस्क-ग्रॅन’ (डिस्कार्डचा लहानात लहान तुकडा) आणि ‘डिस्क-मॅक्स’ (एका वेळची कमाल जागा) या रकान्यांत शून्य असेल, तर ड्रायव्हरने ही सोय जाहीरच केलेली नाही. तेच कार्ड यूएसबी रीडरमध्ये घातल्यास बहुधा शून्यच दिसते, म्हणून तपासणी बोर्डाच्या स्वतःच्या खाचेतच करावी. तेथे एमएमसी ड्रायव्हर (लिनक्समधील मेमरी कार्ड हाताळणारा भाग) एसडी कार्डाला 32 आणि 33 या आदेशांनी मोकळ्या जागेच्या पट्ट्याची सुरुवात व शेवट कळवतो आणि 38 व्या आदेशाने तो पट्टा पुसायला सांगतो.

‘डिस्क-ग्रॅन’च्या रकान्यात अनेक कार्डांवर 4 एमबी दिसते, आणि खरी मेख येथेच आहे: सलग मोकळी जागा त्याहून लहान असेल, तर तिची वर्दी कार्डापर्यंत सहसा पोहोचतच नाही. आमच्या नोंदींच्या फाइली काही केबींच्या. त्यामुळे ‘एफएसटॅब’ या डिस्क जोडणीच्या यादीत ‘डिस्कार्ड’ पर्याय लिहून, म्हणजे प्रत्येक फाइल पुसताच वर्दी देऊन, विशेष काही साधत नाही, उलट मोठी फाइल पुसताना कार्ड त्यातच गुंतते आणि इतर लेखन खोळंबते.

त्याऐवजी मजकुराची प्रत काढून ‘एफएसट्रिम’ ही साऱ्या मोकळ्या जागेची वर्दी एकत्र देणारी आज्ञा ‘व्ही’ पर्यायासह एकदा हाताने चालवावी. ती दाखवते तो आकडा फाइल सिस्टीमने देऊ केलेल्या जागेचा असतो. कार्डाने तेवढी जागा पुसली, असा त्याचा अर्थ नव्हे. सारे सुरळीत असल्यास ‘सिस्टीमसीटीएल’ या सेवा चालू-बंद करण्याच्या आज्ञेने ‘एफएसट्रिम’चा साप्ताहिक टायमर सुरू करावा. नावात साम्य असले, तरी ‘बीएलकेडिस्कार्ड’ चुकूनही वापरू नये. ती आज्ञा संपूर्ण कार्डावरील मजकूर घालवते.

काही कार्डे डिस्कार्ड जाहीर करतात, पण ते नीट पार पाडत नाहीत, आणि अशा काही कार्डांची नोंद कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, ठेवलेली आहे. आपले कार्ड त्यात नसूनही ट्रिमनंतर फाइली बिघडत असतील, तर टायमर बंद करून त्या उपकरणाच्या ‘क्यू’ निर्देशिकेतील ‘डिस्कार्ड मॅक्स बाइट्स’ या फाइलमध्ये शून्य लिहावे. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर हे मूल्य पूर्ववत होत असल्याने तेच यूडेव्हच्या (उपकरण जोडले जाताच ठरलेली कामे करणाऱ्या व्यवस्थेच्या) नियमातही घालावे.