ओमानच्या वाळवंटी किनाऱ्यावर कयाक आणि गळासाठी मुक्कामाची जागा कशी निवडावी

मस्कतहून सूरकडे जाताना कुरियात मागे पडले की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला हजर पर्वताच्या उघड्या, राखाडी कडा असा रस्ता सुरू होतो. हिवाळ्यातल्या गुरुवारी संध्याकाळी या रस्त्यावर टपावर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, बांधलेल्या गाड्या हमखास दिसतात आणि त्यांत मस्कतमध्ये नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबेही असतात. ओमानमध्ये मोकळ्या किनाऱ्यावर तंबू ठोकण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे जागा निवडण्याचे काम पूर्णपणे आपल्यावर येते. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण पाण्याचा रंग आणि वाळूचा पांढरेपणा पाहून जागा ठरवतात. कयाक चालवायची असेल आणि किनाऱ्यावरून गरवायचेही, म्हणजे गळाने मासे धरायचेही असेल, तर ही निवड वारा, लाट आणि भरती यांच्या हिशेबाने करावी लागते.

या दोन छंदांच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत. कयाकला आडोसा लागतो, म्हणजे वारा अडलेला, लाट मेलेली आणि सकाळी शांतपणे निघून दुपारी शांतपणे परतता येईल असे पाणी लागते. मासा मात्र बहुधा हलत्या पाण्याशी येतो. खडकाला वळसा घालणारा प्रवाह, फेसाळणारी लाट आणि उथळाला लागून असलेला खोल पट्टा या त्याच्या जागा आहेत. म्हणून लांबलचक पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, मध्यावर मुक्काम केला तर दोन्हींपैकी एकही गोष्ट धड होत नाही. पुळण जिथे संपते आणि खडकाचे टोक समुद्रात शिरते, तो कोपरा शोधावा. टोकाच्या आडोशाला कयाक उतरवता येते आणि टोकाच्या बाहेरच्या अंगाला गळ टाकता येतो. माझ्या मते पुढचे सर्व निकष या एका निकषानंतरचे आहेत.

कोणत्या बाजूचा कोपरा निवडायचा हे वारा ठरवतो. मस्कत ते सूर हा किनारा साधारणपणे ईशान्येकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात अधूनमधून शमाल हा वायव्येचा वारा सुटतो आणि दोन-तीन दिवस टिकतो. त्या काळात ओमानच्या आखातात आखूड, उभ्या लाटा उठतात. समुद्राकडे तोंड करून उभे राहिले असता खडकाचे टोक डाव्या हाताला असेल, तर शमालपासून आडोसा मिळतो. टोक उजव्या हाताला असेल, तर त्याच कोपऱ्यात लाटा येऊन कोंडतात. नकाशावरच्या उपग्रहचित्रात हे घरबसल्या पाहता येते, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी वाऱ्याचा अंदाज पाहून दोन पर्यायी कोपरे ठरवून ठेवता येतात.

शमाल नसेल तेव्हा शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे अगदी स्पष्टपणे अनुभवास येतात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, दुपारी तो चांगलाच वाढतो आणि सूर्यास्तानंतर मंदावतो. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. पहाटेचे आरशासारखे पाणी याच वाऱ्यामुळे दिसते आणि नवख्याला तेच फसवते, कारण किनाऱ्याजवळ लाट नसली तरी वारा कयाकला हळूहळू बाहेर ढकलत असतो. डोंगरातून उतरणाऱ्या वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, मुखाशी हा वारा अरुंद घळीतून जोराने येतो. त्यामुळे वादीच्या तोंडासमोरून कयाक उतरवण्याची जागा मी निवडत नाही, आणि पहाटे किनाऱ्यापासून फार दूरही जात नाही.

एकदा याच किनाऱ्यावरील फिन्सच्या परिसरात आम्ही केवळ पाण्याच्या निळाईवर भुलून उघड्या, गोट्यांच्या उताराशी मुक्काम केला होता. सकाळी निघताना काहीच अडचण आली नाही. दुपारी परतेपर्यंत खारा वारा वाढला होता आणि लाट थेट उभ्या उतारावर आपटून फुटत होती. कयाक आडवी झाली, वल्हे हातातून गेले आणि माझ्या सोबत्याच्या गुडघ्याला गोट्यांचा जबर मार बसला. तेव्हापासून जागा पाहताना मी आधी परतीचा विचार करतो. वारा वाढलेला आहे, हात थकले आहेत आणि पाण्यात उतरून कयाक ओढायची आहे अशा वेळी ही जागा कशी वागेल, हा प्रश्न दुपारी चार वाजता तिथे उभे राहून स्वतःला विचारावा.

उताराचा अंदाज म्हणूनच महत्त्वाचा आहे. उतार तीव्र असेल तर लाट काठाशीच फुटते. अशा जागी गरवणे सोपे, कारण खोल पाणी जवळ असते, पण कयाक उतरवणे कठीण असते. उतार फार मंद असेल तर लाट दूरवरच शांत होते, पण ओहोटीला पाणी फार लांब जाते. साधा हिशेब पाहा. ओमानच्या आखातात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत दोन मीटरांहून अधिक फरक पडू शकतो. तीस मीटर चालल्यावर एक मीटर उतरणारी पुळण असेल, तर ओहोटीला पाणी साठ मीटर मागे सरकलेले असते, आणि पंचवीस-तीस किलोंची कयाक, पाणी आणि सामान घेऊन ते अंतर तुडवावे लागते. दक्षिणेकडील, अरबी समुद्राच्या बाजूच्या बर अल् हिकमानच्या चिखलमैदानांत तर हे अंतर किलोमीटरांत मोजावे लागते. स्थलांतरित पक्षी पाहण्यासाठी ती जागा अप्रतिम आहे, कयाकसाठी मात्र भरतीच्या वेळांचे बंधन फार कडक होते.

कोकणात वाढलेल्या अनेकांना तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब ठाऊक असतो: चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. तो हिशेब इथे वापरू नये. प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी असते, आणि ओमानमध्ये दिवसाच्या दोन भरत्या पुष्कळदा सारख्या उंचीच्याही नसतात. स्थानिक वेळापत्रकच पाहावे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती हे तत्त्व मात्र इथेही तसेच लागू पडते, आणि माझ्या अनुभवात नवख्यांनी भांगाच्या दिवसांत पहिला मुक्काम करणे सोयीचे ठरते, कारण पाणी फार पुढे-मागे होत नाही.

तंबू कुठे लावायचा, हे पुळणीवरील रेषा पाहून ठरवावे. शेवाळ, शिंपले आणि वाहून आलेला कचरा यांच्या एकाहून अधिक रेषा दिसतात. ओली, ताजी रेषा आजच्या भरतीची असते आणि वरची, सुकलेली रेषा मागच्या उधाणाची किंवा वादळाची. तंबू सर्वांत वरच्या रेषेच्याही वर, आणि शक्य असेल तर वाऱ्याच्या आड लावावा. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत; वाळूने भरलेल्या पिशव्या दोरीला बांधून पुरल्या की तंबू घट्ट राहतो. हिवाळ्यातही दव इतके पडते की सकाळी तंबूचे बाहेरचे कापड भिजलेले असते, म्हणून कपडे आणि रीळ रात्री उघड्यावर ठेवू नयेत.

वादीच्या पात्रात, ते कितीही सपाट, कोरडे आणि आकर्षक दिसले तरी, झोपू नये. समुद्रकाठी आकाश निरभ्र असताना पन्नास किलोमीटर आत डोंगरात पाऊस पडलेला असू शकतो आणि पाण्याचा लोंढा रात्री कधीही येतो. जून 2007 मधील गोनू आणि ऑक्टोबर 2021 मधील शाहीन या चक्रीवादळांनी वाद्या काय वाहून नेऊ शकतात हे ओमानला दाखवून दिले. पात्राच्या कडेला अडकलेली झुडपे आणि काठ्या किती उंचीवर आहेत ते पाहिले की पाणी कुठवर चढते हे कळते.

काही पुळणींवर तंबू लावूच नये. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा रुंद माग समुद्रातून वर चढताना दिसला, तर ती कासवांची विणीची जागा आहे. रास अल् जिन्झ इथे हिरवी कासवे अंडी घालतात आणि तिथला किनारा संरक्षित आहे; रात्री कासवे पाहायची असल्यास तिथल्या मार्गदर्शकांबरोबरच जावे लागते. मसिरा बेटावर लॉगरहेड कासवांची जगातली एक मोठी वीण होते. कंदिलाच्या उजेडाने पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात, हे वेळासच्या किनाऱ्यावर कासवे पाहिलेल्यांना सांगायला नको. असा माग दिसला की दिवे विझवावेत आणि सरळ दुसरी जागा शोधावी.

आता गरवण्याच्या बाजूने पाहू. जागेवर पोहोचल्यावर शक्यतो ओहोटीच्या वेळी खडकाच्या टोकापर्यंत चालत जावे. ओहोटीला उघडे पडलेले खड्डे, कपारी आणि वाळूतले चर नीट लक्षात ठेवले की भरतीला मासा कोणत्या वाटेने येईल हे समजते. पुळणीवर दोन फेसाळ पट्ट्यांच्या मध्ये जो गडद, न फुटणारा पट्टा दिसतो तो खोल चर असतो, आणि बहुतेक वेळा गळ त्याच्या कडेला टाकावा. पहाट, संध्याकाळ आणि चढत्या भरतीचे पहिले दोन तास यांवर मी अधिक विसंबतो. आमिषाला तारली किंवा माकूल चालते. खडकाळ जागी शिसे अडकून तुटते, म्हणून हलके वजन वापरावे. खडकावर उभे राहताना पाठ समुद्राकडे करू नये, आणि ओल्या, शेवाळलेल्या, काळसर खडकावर पाय ठेवू नये, कारण तो खडक ओला आहे याचा अर्थच लाट तिथवर येते.

आपली सुरमई इथे कनअद या नावाने ओळखली जाते आणि तिच्या मासेमारीवर दरवर्षी 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर बंदी असते. ही बंदी मनापासून पाळावी. हौशी मासेमारीचा परवाना आणि त्या भागातील नगरपालिकेचे मुक्कामाचे नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत, कारण ते बदलत असतात. कोळ्यांची जाळी आणि होड्या जिथे आहेत तिथून दूर राहावे, आणि गाव जवळ असेल तर आधी जाऊन विचारावे. मला तरी अशा विचारण्यातून मासा कुठे आहे याचीच माहिती मिळत आली आहे. फुगणारा केंड मासा खाऊ नये. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे वाळूत लपलेला पाकट बाजूला होतो. मासे तंबूपासून लांब साफ करावेत. रात्री कोल्हे येतात आणि चपलासुद्धा नेतात.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काही वेळा समुद्राचे पाणी सूक्ष्म जीवांच्या वाढीमुळे हिरवे आणि दाट होते. रात्री तेच पाणी वल्ह्याच्या फटकाऱ्याने चमकते. ते दृश्य मनोहर असते, परंतु बंदिस्त खाडीत हे पाणी साचून राहते आणि गरवणे फारसे साधत नाही. अशा वेळी मोकळ्या पाण्याकडचे टोक निवडावे.

ठिकाणांविषयी थोडे. पहिल्या खेपेसाठी मस्कतजवळचे बंदर खैरान मला सर्वांत योग्य वाटते: खडकांनी वेढलेले फाटे, आत तिवरांची झाडे, आणि जवळजवळ कोणत्याही वाऱ्यात कुठेतरी शांत पाणी. फिन्स ते तिवी हा पट्टा गरवण्यास उत्तम आहे, पण तिथे चुनखडकाचे कडे थेट पाण्यात उतरतात आणि मधे कयाक लावायला जागा नसते. त्यामुळे प्रत्येक उतरण्याची जागा आधी गाडीने जाऊन पाहावी. मसिरा बेटावर पूर्वेचा किनारा मोकळ्या अरबी समुद्राला सामोरा असल्याने लाटेतून गरवण्यासाठी, तर पश्चिमेचा कयाकसाठी बरा. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मान्सूनमुळे अरबी समुद्राच्या बाजूला कयाक नेण्याचा विचारही करू नये. मुक्कामाचा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा.

गाडीच्या वाटेकडेही तितकेच लक्ष हवे. खलूफकडे आणि बर अल् हिकमानच्या बाजूला सबखा असते: वरून मिठाची कोरडी साय आणि खाली ओला चिखल, आपल्या खाजणाच्या जमिनीसारखा, पण कितीतरी विस्तीर्ण. काळसर, चमकदार दिसणाऱ्या जमिनीवर गाडी घालू नये आणि आधीच्या चाकोऱ्या सोडू नयेत. एकट्या गाडीने तिथे जाऊ नये.

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला किमान पाच लिटर आणि त्यावर एका दिवसाचे जादा घ्यावे. पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक 9999 आहे, परंतु अनेक कोपऱ्यांत फोन लागत नाही. म्हणून जागा पक्की करताना फोनला संपर्क कुठे मिळतो ते चालत जाऊन पाहावे, आणि निघण्याची व परतीची वेळ, जागेच्या अक्षांश-रेखांशासह, घरी कळवून ठेवावी. हे सर्व उजेडात करायचे असल्याने सूर्यास्तापूर्वी किमान तीन तास आधी पोहोचावे, म्हणजे कोपरा पटला नाही तर पुढच्या कोपऱ्यापर्यंत जायला वेळ उरतो.